नव्या साच्याचा नारळ

काल शेजाऱ्यांच्या नव्या गाडीपुढे नारळ फुटला, पाणी उडालं आणि मी नकळत डोळे मिटले. बाळांनो, मला सत्तरच्या दशकातलं दांडी गावातल्या आपल्या घराचं मागचं अंगण आठवलं.

तुमचे आजोबा गळाला लावायची शिशाची वजनं घरीच ओतत. नवा साचा त्यांनी उन्हात खडखडीत वाळवला होता. शिसं वितळलं, तेवढ्यात तुमच्या पणजीने नव्या वस्तूची पूजा म्हणून साच्यावर नारळ फोडला. थोडं पाणी आत राहिलं. त्यावर शिसं पडताच ते फट्‌कन उसळलं.

"आये, घाबरू नको, चष्म्यावर उडालं," आजोबा म्हणाले. काचेवर, बरोबर डोळ्यासमोर, शिशाचा थेंब चिकटला होता.

"नारळ फोडला म्हणून वाचलास रे! नायतर डोळाच गेला असता."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि साचा पुन्हा उन्हात ठेवला.

पुढच्या खेपेला आजोबा म्हणाले, "आये, नारळ ओतून झाल्यावर फोडू." तिने कारण विचारलं नाही. नारळ त्यांच्या हातात दिला. "तूच फोड. माझा हात कापतो."

तेव्हा मला वाटलं, वय झालं. पण रोजच्या कालवणाचा नारळ ती शेवटपर्यंत एका घावात फोडत होती.