किलोभराची पोर

आमच्या नवजात कक्षात मोठ्यानं बोलायला बंदी, आणि हसायची तर सोयच नाही. काचेच्या आत ओळीनं ऊब देणारे वॉर्मर, त्यावर दिवस भरायच्या आत आलेली लेकरं, आणि काचेच्या बाहेर जीव टांगणीला लागलेले त्यांचे नातेवाईक. तिथं कोण हसणार? त्यामुळं बीडच्या या कक्षात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, तरी किस्से सगळे पोटातच साठत गेले. चहाला दोघी-तिघी बसलो की एकीचं सुरू होतं, मग दुसरीचं, आणि चहा गार होतो. हसता हसता मध्येच एखादी गप्प होते. कारण तिच्या किश्श्यातलं लेकरू घरी गेलेलं नसतं.

आज एकाच पोरीचे किस्से सांगते. भगवान आणि संगीता हे आष्टीकडचं ऊसतोड जोडपं. दुष्काळाचं साल. ऊस उभ्या जागी वाळायला लागलेला, म्हणून सहकारी कारखान्यानं तोडीची घाई लावलेली. सातवा महिना सरत आला तरी संगीता मोळ्या उचलत होती. फडातच पोर झाली. याआधीची दोन लेकरं अशीच लवकर आली होती आणि दोन्ही गेली होती. भगवानच्या आईनं, म्हणजे सखूआजीनं, पोर लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरली आणि तिघं जीपनं आमच्याकडं आले. पोर हाताला अगदी गार लागली.

*

पहिलं काम वजन. मी पोर काट्यावर ठेवली आणि भगवानला सांगितलं, "किलोलाही कमी आहे."

तो काट्याकडंच बघत होता. म्हणाला, "सिस्टर, दुसऱ्या काट्यावर घ्या."

"का हो?"

"काटा मारत्यात. आमी जलमभर बघतो ना! गाडी भरून ऊस न्यावा, अन् काट्यावर चढला की हलका!"

मी म्हटलं, अहो, हा काय ऊस आहे का? पण त्याला पटेना. शेवटी शेजारच्या वॉर्डातला काटा आणला. तेवढंच भरलं.

त्यात अशी लेकरं पहिल्या आठवड्यात थोडी उतरतात. आम्हाला ते माहीत असतं, पण बापाला कसं पटवायचं? दुसऱ्या दिवशी वजन आणखी कमी. भगवान काचेला नाक लावून उभा.

"वजावट धरली का?"

कारखान्यात पाचटाचं, म्हणजे वाळक्या पानांचं, म्हणून उसाच्या वजनातून थोडं कापतात, ती वजावट. मी आपली खरं तेच बोलले, "हो, लंगोटाचं वजन वजा केलं."

भगवान वळून आईला म्हणाला, "आई, हितं बी वजावट हायच!"

*

आमच्या मॅडम, म्हणजे कक्षाच्या मुख्य डॉक्टर, शिस्तीच्या भारी कडक. कोपरापर्यंत साबणानं हात धुतल्याशिवाय लेकराला हात नाही! या लेकरांना साधा जंतू लागला तरी ती हातची जातात, म्हणून त्या बोलायच्या. पण त्या साली पालीच्या धरणाचा तळ उघडा पडलेला. गावाला टँकर आणि दवाखान्यालाही टँकर.

सखूआजी नळ सोडायची, बोटं ओली करायची आणि लगेच नळ बंद.

"आजी, कोपरापर्यंत. नळ चालू ठेवा."

"बाई, इतक्या पान्यात आमच्याकडं म्हैस धुत्यात."

"म्हैस नंतर धुवा. आधी हात!"

मग एक दिवस टँकर आलाच नाही. टाकीत पाण्याऐवजी गाळ दिसायला लागला. मॅडम फोनवर फोन करत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तेवढ्यात सखूआजी बाहेरच्या सगळ्या नातेवाइकांच्या प्यायच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून दारात उभी.

मॅडम म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही लोक काय पिणार?"

"आमी?" आजी म्हणाली. "आमी काय किलोभर हाव का?"

*

शेजारच्या वॉर्मरवर वाघमारेंचा मुलगा होता. वाघमारे परळीचे, विजेच्या केंद्रात कामाला. एकदा भर दुपारी लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात वॉर्मर गार पडायला लागतात.

नेमकं तेव्हाच कुणीतरी वाघमारेंना विचारलं, "तुम्ही कुठले?"

"परळी. थर्मलला असतो."

झालं! सगळ्या आया, आज्या, मावश्या त्यांच्याकडं वळल्या.

"मंग बसलाव कावून?" सखूआजी कडाडली. "लावा की लाइट!"

"आजी, माझं बी लेकरू आतच हाय," वाघमारे म्हणाले. "माझ्या हातात असतं, तर मी बटनावरचं बोट काढलं असतं का?"

कुणी हसलं नाही. जनरेटर घरघरला, दिवे आले, तेव्हा सगळे एकदम हसले. वाघमारे तेवढे रडत होते.

*

अशा लेकरांना सगळ्यात चांगली ऊब माणसाच्या अंगाची. उघडं लेकरू आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायचं. पण संगीताला ताप भरलेला. मॅडमनी भगवानला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "शर्ट काढा."

भगवान दारापर्यंत मागं सरकला. "मॅडम, इतक्या बाया हायत!"

"तुमच्याकडं बघायला इथं कुणाला वेळ नाही."

खुर्चीत बसवला, पोर छातीवर ठेवली, वरून गुंडाळलं. तर हा गडी हलेना, डोलेना. मी म्हटलं, "भगवान, तुम्ही तरी श्वास घ्या. नाहीतर दोघांनाही ॲडमिट करावं लागेल."

रोज तसा तो तासन्‌तास बसायचा. अशात एक दिवस त्यांच्या ऊसतोड टोळीचा मुकादम आला. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाचा एक कोयता आमच्याकडं अडकलेला.

"ए भगवान!" तो दारातूनच ओरडला. "टोळी खोळंबलीय बे! कवा येतो?"

मुकादमापुढं आजवर ह्यांची मान वर झाली नाही, असं संगीताच मला म्हणाली होती. त्या भगवाननं तोंडावर बोट ठेवलं.

"मुकादम, हळू. झोपलीय."

मुकादमानं चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर गेला.

*

या लेकरांची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ती श्वास घ्यायचं विसरतात. मशीन ओरडतं, आपण तळपायाला टिचकी मारायची, की आठवतं त्यांना. सखूआजीला हे सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "श्वास काय इसरायची गोष्ट हाय, सिस्टर?"

एका दुपारी टिचकी मारली, पाय चोळला, पाठ चोळली. पोर निळी पडत गेली. मॅडम धावत आल्या, मास्क लावला, हवेची पिशवी दाबायला लागल्या. आणि काचेबाहेरून आजी ओरडली, "अगं, घे की श्वास! घे म्हंते ना!"

त्या दिवशी तिला कुणी गप्प केलं नाही.

पोर रडली. मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज, पण रडली. मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं, आता आजीची खैर नाही.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा आधी ओरडा."

मग त्या हात धुवायला गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आजीनं जाऊन नळ बंद केला.

*

हळूहळू पोर अंग धरू लागली. वाटीचमच्यानं पिणारी पोर आईच्या अंगावर प्यायला लागली, आणि मॅडमनी एकदाची सुट्टी दिली. खाली जीप उभी. भगवान पिशव्या ठेवून आला. पण संगीता दारातून हलेना.

ज्यांची लेकरं जगत नाहीत, त्यांच्यात एक रीत असते. लेकरू परक्या बाईच्या ओटीत टाकायचं. तिनं "मला नको, घेऊन जा" म्हणायचं. मग आई ते उचलून नेते आणि मागं वळून बघत नाही. कुणालाच नको असलेल्या लेकराकडं मरणही फिरकत नाही, असा समज. दोन लेकरं गमावलेली संगीता हे झाल्याशिवाय निघणार नव्हती.

सखूआजी माझ्यापुढं आली. "सिस्टर, वटी करा."

मी ॲप्रन पुढं धरला. आजीनं पोर त्यात ठेवली. टोपीतून तिचं नाक तेवढं दिसत होतं.

"आता म्हणा."

जी जगावी म्हणून जिवाचं रान केलं, तिला नको म्हणू? खालून जीपचा हॉर्न वाजला. संगीताचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणा की, सिस्टर!" आजी म्हणाली. "एवढंच तर म्हणायचं हाय."

तेवढ्यात मॅडम आल्या. मी मनात म्हटलं, संपलं! वॉर्मरला बांधलेले काळे दोरे स्वतःच्या हातानं कापणारी बाई ही. काय चाललंय, ते आजीनं सांगितलं. मॅडमनी साडीचा पदर पुढं केला आणि माझ्याकडून पोर त्यात घेतली. तिची टोपी कानावर नीट ओढली.

आणि ज्या व्हरांड्यात त्या कुणाला खोकूही देत नाहीत, तिथं मॅडम गरजल्या, "मला नको ही! न्या इथून!"

संगीतानं झडप घालून पोर उचलली आणि धावतच जिना उतरली. मागं बघितलं नाही. तिच्यामागं आजी गेली, भगवान गेला.

जीप गेटबाहेर पडली, तरी मॅडमनी पदर तसाच पुढं धरलेला होता.