आईसाठी नापास केलेली भुताची कादंबरी

शनिवारी विट्याच्या वाचनालयात गेले आणि भलतंच पुस्तक घेऊन घरी आले... नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा कॉलेजात होते.

त्याच्या आदल्या वर्षी आमचे आण्णा, म्हणजे वडील, वारले. आमच्याकडच्या बऱ्याच पुरुषांसारखं त्यांचंही सोनं गाळायचं दुकान होतं, पार तमिळनाडूत. वर्षातून एकदा, दिवाळीला घरी यायचे... आणि गेले तेही तिकडेच. आईला शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

तेव्हापासून आई त्यांचं नावच काढेना. रडणं नाही, बोलणं नाही. वाचन तेवढं सुटलं नव्हतं. म्हणून तिच्या हातात पुस्तक जाण्याआधी मी ते चाळून बघायला लागले, तांदळातले खडे निवडावेत तसं. ज्यात कुणी मेलंय ते नापास... मला वाटायचं, मी केवढी शहाणी.

हे पुस्तक मात्र गडबडीत उचललेलं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे आत काय आहे ते कळलंच नाही. घरी येऊन उघडलं तर नायिकेचा नवरा पहिल्याच प्रकरणात मेलेला. आणि तरी रोज तिला भेटायला येतो... तिच्या उशाशी बसतो आणि सकाळी तिच्या गळ्यावर काळेनिळे वळ.

खरं सांगते, मला विनोदी पुस्तकं आवडतात. फार तर प्रवासवर्णन. भुतं काय, रक्त काय, आणि त्यातच प्रेम... निम्म्यातच मला घाम फुटला. माझ्यासाठी नापास, आईसाठी तर शंभरदा नापास.

पण रविवारी वाचनालय बंद. म्हणून पुस्तक ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवलं. रविवार हा आमच्या घरचा दळणाचा वार, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून परत आले तर दळण तसंच पडलेलं आणि आई कोठीला टेकून वाचत बसलेली. शेवटची थोडी पानं उरलेली.

"आई, ते ठेव गं. तुझ्यासाठी न्हाई ते," मी म्हणाले.

तिने मान वर केली नाही. "तू आणतीस त्या पुस्तकांत कुणाचाच नवरा मरत न्हाई," ती म्हणाली. "वरीसभर वाचतीया मी. मला वाटाय लागलं, सगळ्या जगात ह्यो भोग माझ्या एकटीलाच."

मी तिच्याजवळ खाली बसले. विचारलं, भीती नाही का वाटली?

"त्याला कशाला भ्यायचं? भेटायलाच आलाय की." मग म्हणाली, "तुझं आण्णा वर्षातनं एकदा यायचं. ह्यो तर रोज येतोय."

आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली... आण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडले.

मग दुपारभर ती आण्णांबद्दलच बोलत होती. त्यांच्या शर्टांना सोनं गाळायच्या ॲसिडचा वास यायचा. दिवाळी करून ते परत गेले की एक शर्ट ती मुद्दाम धुवायचीच नाही, तसाच घडी घालून ठेवायची... हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझे आईवडील एकमेकांचे कोण होते, ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी पुस्तक परत द्यायला आई स्वतः आली. काउंटरवरच्या काकांना म्हणाली, "आवं, असलं आणिक एखादं हाय का?" काकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, द्या.

असली पुस्तकं मला आजही झेपत नाहीत. लेखकाचं नावही आता आठवत नाही... पण जिथे कुठे असाल तिथे, तुमचे फार उपकार आहेत हो. तुमच्या त्या भुताने माझ्या आईला बोलतं केलं.