पालथा तांब्या

दाजी गेल्याची बातमी मला गुंजवण्यात कळली. राजगडाच्या पायथ्याला एका ओळखीच्या ओसरीवर मी हिरड्याची पोती बघत बसलो होतो. भोरहून आडवाटेने चालत आलेला आमचा हमाल पायरीवर टेकला आणि दम घेण्याआधीच म्हणाला, "दाजी गेलं. सकाळच्या पारी. आक्कांनी सांगितलंय, लगोलग निगा." पोत्यात घातलेला माझा हात तिथेच राहिला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान गणपतराव. भोरच्या पेठेत त्यांचे हिरड्याचे दुकान, मागे घर, आणि त्या दुकानात मी त्यांचा मेहुणाही आणि भागीदारही. दोन्ही नाती त्यांनी वेगवेगळी सांभाळली. दुकानात माझ्यावर जितके ओरडत तितके घरी आग्रहाने वाढत.

तेराव्यानंतर पेठेतल्या मंडळींनी शोकसभा घेतली. एका वकिलांनी लिहून आणलेले भाषण वाचले. गणपतराव क्षमाशील होते, अजातशत्रू होते, त्यांनी कुणाचे कधी वाईट चिंतले नाही... मी मागच्या रांगेत बसून चुळबुळत होतो. हा लेख लिहायला बसलो तो त्या भाषणामुळे. दाजींना एक शत्रू होता आणि त्याला त्यांनी वर्षानुवर्षे जीव लावून जपला होता. क्षमा करणे त्यांना सुचलेही नाही आणि मलाही सुचत नाही. मेलेल्या माणसाला त्याने न केलेल्या चांगुलपणाचे हार घालू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या मुलखात भात झोडून झाले की हिरड्याचा हंगाम लागतो. हिर्डोशीकडच्या डोंगरातली माणसे हिरडा गोळा करतात, उन्हात वाळवतात आणि आम्ही व्यापारी तो घेतो. पुढे तो मुंबईहून बोटीने विलायतेला जातो, तिथे कातडी कमावायला लागतो. या धंद्यात कागद नव्हता. हंगामाच्या तोंडाला व्यापाऱ्याने वर गावात जायचे, पाटलाच्या ओसरीवर बसायचे, भाव बोलायचा, नव्या हिरड्याची एक फोड तोंडात टाकायची आणि पाटलाच्या तांब्यातले पाणी प्यायचे. हिरडा तुरट, तोंड आवळून येते. पण त्यावर प्यालेले पाणी गोड लागते. एकदा ते पाणी पोटात गेले की मुंबईचा बाजार कोसळो नाहीतर चढो, बोललेला भाव हंगामभर बदलत नसे. याला आमच्याकडे पाणी घेणे म्हणत. दाजींच्या वडिलांनी त्या सगळ्या गावांत पाणी घेतले होते आणि त्यांच्या मागे दाजींनी.

आणि मग ती विलायती कंपनी आली. नाव लिहीत नाही. तिची नाव घेण्याइतकीही आठवण राहू नये असे मला वाटते. नीरेकाठी जागा घेऊन तिने हिरड्याचा अर्क काढायचा कारखाना घातला. बॉयलर आले, चिमणी उभी राहिली, भोरची पोरेसोरे भोंगा ऐकायला धावू लागली. कंपनीचा साहेब तरुण, गोरापान, हसतमुख. मुनशी ठेवून तो पुस्तकी मराठी शिकला होता. तो थेट दाजींच्या दुकानात आला आणि म्हणाला, "गणपतराव, आमच्यापाशी भांडवल आहे, तुमच्यापाशी माणसे आहेत. आपण उभयतांनी मिळून कार्य करावे." दाजींना ते पटले. आपण मध्ये असलो तर डोंगरातल्या लोकांना चार पैसे जास्त मिळतील असा त्यांचा हिशोब, आणि तो चुकीचा होता असे त्या वेळी कुणालाच म्हणता आले नसते. ते कंपनीचे अडते झाले. साहेबाला घेऊन स्वतः हिर्डोशीला गेले. धोंडिबा पाटलांच्या ओसरीवर साहेबाने हिरडा चावला, तोंड वाकडे केले, सगळे हसले, मग त्याने पाणी पिऊन "अहाहा, मधुर!" असे म्हटले, तेव्हा तर बायाही दाराआडून हसल्या. पाटील खूश होऊन दाजींना म्हणाले, "गोरा असला तरी मानूस बरा हाय की वो."

पहिले दोन हंगाम कंपनीने असा भाव दिला की बाकीच्या व्यापाऱ्यांना तो झेपेना. कुणी दुकान बंद करून किराणा घातला, कुणी पुण्याला गेला. तिसऱ्या हंगामात वर पाणी घेऊन झाले, माल वाळून झाला, डोक्यावर ओझी घेऊन माणसे कारखान्याच्या फाटकाशी आली, आणि साहेबाने भाव निम्म्यावर आणला. विलायतेहून तार आली आहे म्हणाला. माल परत न्यावा तर घ्यायला दुसरे कुणी उरले नव्हते. दाजी तडक आत गेले. मी त्यांच्या मागे होतो. "साहेब, तुम्ही त्यांच्या घरी पाणी घेतलंय," ते म्हणाले. साहेब खरोखर चकित झाला. "गणपतराव, मी एक फळ खाल्ले आणि जल प्राशन केले. तो काय करार होतो?" असे म्हणून तो हसला. ते हसणे मी विसरलेलो नाही.

दाजी दुसऱ्या दिवशी हिर्डोशीला चालत गेले. सोबत मी होतो. उन्हाने घसा कोरडा पडला होता. धोंडिबा पाटील ओसरीवरच होते. त्यांनी या म्हटले नाही. आत जाऊन भरलेला तांब्या आणला, दाजींच्या डोळ्यांदेखत अंगणात ओतला आणि ओसरीच्या कडेला पालथा घातला. "तुमच्या बापाला म्या हितंच पानी दिलं हुतं," एवढेच बोलले आणि आत गेले. दाजी परतीच्या वाटेवर ओढ्याचेही पाणी प्याले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आक्काला सांगितले, की हिर्डोशीच्या ओसरीवर पुन्हा पाणी मिळेपर्यंत आपण दुकानात पाणी पिणार नाही. आक्काने त्यांचा स्वतःचा पितळी तांब्या दुकानातल्या गादीशेजारून उचलून फळीवर ठेवला.

मला वाटले, आता ते कंपनी सोडतील. सोडली नाही! उलट साहेबाच्या बंगल्यावर जास्तच जाऊ लागले. पेठेत लोक तोंडावर बोलू लागले, मीही एकदा भडकून विचारले, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" दाजी शांतपणे पान लावत म्हणाले, "लाज वाटते म्हणून तर जातो. बाहेर राहून नुसत्या शिव्या देता येतात."

साहेबाला बोलायची हौस होती आणि भोरमध्ये त्याचे ऐकणारे दुसरे कुणी नव्हते. चहा पिता पिता त्याने दाजींना आपल्या कंपनीची सगळी चाल फुशारकीने समजावून सांगितली. आफ्रिकेत तिची झाडांच्या सालीची वखार होती. तीही साल कातड्याच्याच कामाची. तिकडचे लोक भाव मागू लागले की त्यांना सांगायचे, हिंदुस्थानात हिरडा आहे, तुमची साल नको. इकडे कुणी कुरकुरले की आफ्रिकेचे नाव घ्यायचे. "एका खंडाचा धाक दुसऱ्या खंडाला! हेच व्यापाराचे रहस्य," साहेब म्हणाला. दाजी घरी येऊन मला म्हणाले, "तिकडंही कुणी धोंडिबा पाटील असेल, बघ. त्याचाही तांब्या असाच पालथा पडला असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे तो. कधीतरी एक पाय उचलेलच."

आणि त्याने तो उचलला. एका वर्षी कंपनीचा मोठा मालक विलायतेहून भोरला यायचा होता. इथे आणखी भांडवल घालायचे का, दुसरा कारखाना काढायचा का, हे तो स्वतः बघून ठरवणार होता. आपली करामत दाखवायला साहेबाने आफ्रिकेतली त्या वर्षाची खरेदी थांबवायला लावली आणि सगळा माल भोरहून देतो असा शब्द दिला. हे त्याने दाजींनाच आनंदाने सांगितले. त्या दिवशी दाजी घरी आले ते शीळ घालत. आक्काने मला हळूच विचारले, "ह्यांना काय झालंय रे?"

दाजी पुन्हा हिर्डोशीला गेले. पालथ्या तांब्यासमोर पायरीवर बसले. "पाटील, पाणी देऊ नका. नुसतं ऐका." त्यांचे म्हणणे साधे होते. औंदाचा हिरडा खाली भोरला उतरवायचाच नाही. वरंध्याच्या घाटाने पलीकडे महाडला न्यायचा. तिथल्या व्यापाऱ्याशी त्यांनी गुपचूप बोलून ठेवले होते, भाव कंपनीपेक्षा बरा होता. पाटलांनी विचारले, "आन् साह्यबाला काय सांगशीला?" दाजी म्हणाले, "सांगेन, माल वाळतोय." पाटील पहिल्यांदा हसले. म्हणाले, "पानी मंग. हिरडा म्हाडला पोचू द्या."

त्या हंगामात गावेच्या गावे पोती लादलेले बैल आणि डोक्यावरची ओझी घेऊन घाट उतरली. नीरेकाठी कारखान्याचे अंगण झाडून, सारवून तयार होते. साहेब रोज विचारी, दाजी रोज सांगत, "वाळतोय, साहेब. यंदा दव फार." मालक आला. फाटकाला तोरण होते, बॉयलर पेटला होता, भोंगा वाजला आणि अंगणात एक पोतेसुद्धा नव्हते. मी फाटकापाशी उभा राहून ते पाहिले. साहेबाचा चेहरा उतरत गेला, कान लाल झाले, तोंडून इंग्रजीही नीट फुटेना. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आजही लिहिताना होतो आहे आणि तो झाकायचे मला काही कारण दिसत नाही.

मालकाने दुभाष्यामार्फत दाजींना कारण विचारले. दाजींनी खिशातून हिरडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "तुमच्या माणसानं हा खाऊन वर पाणी घेतलं होतं. त्याचा अर्थ त्याला विचारा." साहेबाला अर्थ सांगता आला नाही. भोरमध्ये नवे भांडवल आले नाही, आणि साहेबाला परत बोलावून घेतले. पुढे बॉयलर सुटे करून बैलगाड्यांवर लादून नेले, तेव्हा दाजी दुकान बंद करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "चल, हिर्डोशीला जायचंय." धोंडिबा पाटलांनी तांब्या सुलटा केला, घासला, भरला. दाजींनी हिरडा चावला, पाणी प्याले आणि ओसरीवर सगळ्यांसमोर रडले. घरी आल्यावर आक्काने फळीवरचा तांब्या काढून पुन्हा गादीशेजारी ठेवला. शेवटच्या दिवसापर्यंत तो तिथे भरलेला असे. ते गेल्यावरही आक्का तो रोज भरून ठेवत होती.

गेल्या आठवड्यात दुकानासमोर मोटार थांबली. केस पांढरे झाले होते तरी मी साहेबाला लगेच ओळखले. लढाईनंतर कातड्याची टंचाई आहे, तो आता दुसऱ्या कंपनीकडून नवे भांडवल घेऊन आला होता. टोपी काढून त्याने दुःख व्यक्त केले. गणपतराव थोर होते म्हणाला, त्यांच्याकडून आपण शिकलो म्हणाला. डोंगरात घेऊन जाणारा विश्वासू माणूस हवा होता त्याला. "यंदा मी रीत पाळीन," असे म्हणून त्याने समोरच्या सुपातला हिरडा आपण होऊन उचलला आणि तोंडात टाकला. चावला. तोंड आवळले, डोळ्यांत पाणी आले. मग त्याने दाजींच्या तांब्याकडे हात केला.

आतल्या दारात आक्का उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी तांब्या उचलला, पायरीवर जाऊन सगळे पाणी रस्त्यावर ओतले आणि तो गादीशेजारी होता तिथेच पालथा घातला. या वेळी अर्थ त्याला कळला. तोंडातला हिरडा धड थुंकता येईना की गिळता येईना, तसाच तो मोटारीत जाऊन बसला.

तांब्या अजून पालथाच आहे. आक्का रोज सकाळी दुकान झाडताना त्याच्याभोवतीने केरसुणी फिरवते आणि त्याला हात लावत नाही.