करकरणारी खुर्ची

सुतारकाकांच्या दुकानात ती झुलती खुर्ची कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. येणारा बसायचा, दोन झोके घ्यायचा आणि ‘फारच करकरते हो’ म्हणत उठायचा. शेवटी सुनेने तिचा फोटो काढून लिलावाच्या साइटवर टाकला. काकांनी बजावलं, “करकरते, असं स्पष्ट लिही. मागाहून कटकट नको.”

दुकानात जिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तिच्यासाठी कुठकुठले लोक चढाओढीने बोली लावू लागले. शेवटचा आकडा ऐकून काका हरखले. एवढे पैसे मोजणाऱ्याला करकरती खुर्ची कशी द्यायची? त्यांनी सांधे उकलले, चिकटवायचा सरस भरला, पाचरी ठोकल्या आणि मुकी झालेली खुर्ची मोठ्या कौतुकाने पाठवून दिली.

आठवड्याभरात ती परत आली. सोबत निरोप होता : ‘मला करकरणारी हवी होती. आई अशाच खुर्चीत बसायची. तो आवाज ऐकतच आम्ही भावंडं झोपायचो.’

काका चिडले. “समोर येऊन बसला असता, तर त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं असतं मला! साइटवर माणसाचं तोंड कुठे दिसतं?”

“मग पाचरी काढा ना,” सून म्हणाली.

काकांनी एकेक पाचर उपसली, झोका दिला. सरस घट्ट बसला होता. खुर्ची हूं की चूं करेना. आपल्या हातच्या चोख कामाचा त्यांना जन्मात पहिल्यांदाच राग आला.