खंडेनवमीला धुतलेलं ड्रिल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका नव्या यंत्रमागांच्या शेडमध्ये लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायचं काम मला मिळालं होतं. ते नीट झालं तर मालक मला कायमचा ठेवणार होता. सगळी भिस्त माझ्या जुन्या विजेच्या ड्रिलवर. निघण्याआधी घरीच चालवून बघितलं. एकदा गुरगुरलं, जळका वास आला, मग ढिम्म.

फ्यूज शाबूत होता. वायर बदलली, स्विच तपासला, मोटारीचे कार्बन ब्रश काढून घासले. चार शिव्याही हासडल्या. शिव्यांनी मशीन चालत असतं तर सोलापुरात एकही माग बंद पडला नसता.

शेवटी खोललं. आत पाणी होतं. जळून काळ्या पडलेल्या तारांत हळदीचा ओला गाळ आणि झेंडूची एक पाकळी.

अप्पा, माझे वडील, जन्मभर सुतारकाम केलेले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी रंधा धरला नव्हता. खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजायची, एवढंच काम त्यांच्याकडं उरलं होतं. करवत, पटाशी, वाकस धुतात तसं त्यांनी ड्रिलही बादलीत बुडवून स्वच्छ धुतलं होतं. हत्यार ते हत्यार. त्यांना काय बोलणार?

"कशानं बंद पडलं रं?" अप्पा दारात येऊन उभे होते.

"जुनंच होतं की, अप्पा. आतनं झिजलंय."

"व्हय," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

नवी पेठेत जळक्या मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्यानं ड्रिल हातात घेऊन वास घेतला आणि तसंच परत दिलं. काम दुसऱ्याला गेलं. मालकानं मला पुन्हा कधी बोलावलं नाही आणि दुसरं ड्रिल घेणं काही मला जमलं नाही. राग लई होता, पण काढायचा कुणावर? मी तो आयुष्यभर त्या मालकावर काढत राहिलो, त्याचा काही दोष नसताना.

पुढच्या खंडेनवमीला अप्पांनी पुन्हा पाट मांडला. मेलेलं ड्रिलही माळ्यावरून काढून आणलं. बाकीची हत्यारं धुऊन ओली ठेवली होती. ड्रिल मात्र ते धोतराच्या कोरड्या सोग्यानं पुसत बसले होते, कितीतरी वेळ. हळद-कुंकू लावलं नाही, नुसतं एक फूल शेजारी ठेवलं.

मला बघून त्यांनी मान खाली घातली. वर्षभर त्यांना ठाऊक होतं.