हिरव्या कापडाचं माप

"हात दावा आदी."

जवान असो की नाईक, त्या मेजापाशी आला की त्याला दोन्ही हात उताणे-पालथे करून दाखवावे लागत. नखात माती दिसली की मार्करमामा दाराबाहेरच्या बादलीकडे बोट करत. बंदुकीला न भिणारे गडी त्या बोटाला भीत.

साताऱ्याच्या कॅम्पातली ती दगडी इमारत राणीच्या राजवटीतली. गोऱ्या शिपायांनी सुट्टीच्या वेळी दारू पिऊन लोळू नये, म्हणून त्यांना खेळायला, वाचायला, चहा प्यायला बांधलेली. पुढे आपले जवान आले. सगळे तिला 'रिक्रेशन' म्हणत. आत मधोमध बिलियर्डचं भलंमोठं मेज, त्यावर हिरवं लोकरी कापड. मेज राखणारा आणि खेळाचे गुण मांडणारा तो मार्कर. मामा म्हसवडकडचे, पहिल्या महायुद्धात पाय अधू झालेले. नाव विचाराल तर ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही.

माझे सासरे तिथल्या व्हरांड्यात चहा करत. मी उंब्रजहून आलेली सतरा वर्षांची सून, नवरा लढाईवर मिसर देशात. सातवी पास, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं ही समजूत पक्की. जवान परेडला गेले की मी आत झाडायला जाई. तेव्हा मामा मेजावर कोमट इस्त्री फिरवत असत, तान्ह्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. एकदा त्यांनी गंमत म्हणून चेंडू मारायची काठी माझ्या हातात दिली. मी चेंडू सोडून मेजाची कडाच ठोकली.

"ऱ्हाऊ दे सूनबाय," मामा म्हणाले, "आपून लढाई हारू."

लढाईच्या दिवसांत कापड म्हणजे सोनं. लय वाट पाहिल्यावर मेजाचं नवं हिरवं कापड आलं. नागपंचमीनंतर मोठे साहेब पाहणीला येणार होते, त्याआधी मामा ते चढवणार होते. तोवर ते पेटीत. कसर लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला घालायचं काम माझ्याकडे आणि पेटीची किल्लीही माझ्याचकडे.

"तुजं हात स्वच्छ हायेत," मामा म्हणाले होते.

ते कापड उलगडलं आणि माझी मती फिरली. पंचमीला माहेरी जायचं आणि अंगात तीच विटकी चोळी! आता बघा सातवी पासची अक्कल. मी आधी वितीनं मेज मोजलं, मग कापड मोजलं. कापड हातभर जास्त भरलं. म्हटलं, ही तर वाया जाणारी पट्टी. कापली. कापड मेजाच्या कडेवरून खाली ओढून तळाशी चुका मारतात, हे त्या शहाणीला कुठून ठाऊक!

चोळी मीच शिवली. एक बाही लांब, एक आखूड. "मालकांनी मिसरातनं धाडलंय," असं माहेरी ठोकून दिलं. पण ती लोकर, आणि श्रावणातला घाम! फुगडीत माझे पाय कमी आणि नखं जास्त चालली. मैत्रिणी म्हणाल्या, "ह्या पोपटाला पिसवा झाल्यात जनू!"

परत आले त्याच दिवशी मामा कापड चढवत होते. दोन जवान टोकं धरून ओढत होते, पण एका बाजूनं ते तळापर्यंत पोचेना. सुभेदार समोर उभा.

"किती वर्सं झाली ह्या कामाला?"

"वीस, सायेब."

"आन् आज माप चुकलं?"

मामांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दाराकडे पाहिलं. दारात मी उभी, हातात किटली आणि दंडांवर लाल चट्टे. माझ्या घशात शब्द आला होता, खोटं नाही सांगत. पण सासऱ्यांचा चहा बंद होईल, मला माहेरी धाडतील, असं काय काय मनात आलं, आणि मी किटलीच्या झाकणाकडे बघत राहिले.

"व्हय सायेब," मामा म्हणाले. "डोळं गेलं आता. माज्याच हातानं कापलं."

बाहेर पडताना ते माझ्याजवळ क्षणभर थांबले. "खोबऱ्याल लाव, पोरी. लोकर हाय ती, आठ दिस खाज जात न्हाई."

एवढंच. ना राग, ना टोमणा. मामांचं काम गेलं. तिसऱ्या दिवशी वळकटी घेऊन ते सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर निघाले. सासरे म्हणाले, "मामांस्नी च्या दे जा." मी सासूबाईंना पुढं केलं.

पुष्कळ वर्षांनी सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हसवडला गेले. साताऱ्याच्या कॅम्पातला मार्कर कुठं राहायचा म्हणून विचारत विचारत घर गाठलं. मामा केव्हाच गेले होते. त्यांची सून अंगणात कोकरांना पाला टाकत होती.

"मामंजी लय कमी बोलायचं," ती म्हणाली. "गावातली पोरं चिडवायची, माप चुकल्याला मार्कर म्हणून. गप ऐकून घ्यायचं. आमी म्हनायचो, आवं, काय तरी बोला की! तर म्हनायचं, चुकलं व्हतं खरं." मग माझ्याकडे नीट बघत तिनं विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

बोलायला मला कोणाची भीती होती तेव्हा? सासरे नव्हते, सुभेदार नव्हता.

"कोणी नाही," मी म्हटलं. "देवाला आले होते."

"उनाचं आलाय, बसा की," म्हणत तिनं तांब्याभर ताक आणून दिलं.

मी ते पिऊन आले.