नक्षी एकदाच विकायची

"अण्णाला कॉम्प्युटर शेवटपर्यंत कळला न्हाय. दुकान काढलं आणि दुकानातला माल सोताच पुसून टाकला. लई साधा माणूस!"

आमच्या व्याह्यांच्या तेराव्याला, जेवणाच्या पंक्तीत, त्यांचे धाकटे बंधू हे मोठ्या प्रेमाने सांगत होते आणि मंडळी हसून माना डोलवत होती. बंधू बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा शब्द बेळगावात पुरावा मानला जातो. मी निपाणीच्या कोर्टात उभी हयात वकिली केली आहे. पुरावा कशाला म्हणतात हे मलाही थोडेफार ठाऊक आहे. म्हणून लेखी सांगतो की हे विधान साफ खोटे आहे. बेळगाव ते निपाणी या टापूत कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने कोणाला कळला असेल, तर तो आमच्या व्याह्यांना. बाकीच्यांना तो नुसता चालवता येतो.

व्याही बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. जो लोखंडी भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना घडवायचा, हे त्यांचे काम. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. हे 'किंचित मोठे' त्यांच्या हाडात इतके मुरले होते की त्यांच्या शर्टाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत, दहा माणसांच्या जेवणाला तेरा पाने मांडली जात, आणि आमच्या कन्येच्या लग्नात त्यांनी मांडव असा ऐसपैस घातला की वऱ्हाड त्यात हरवल्यासारखे दिसत होते. त्याच लग्नात मानपानाच्या एका क्षुल्लक कारणावरून (कारण क्षुल्लक नव्हते, पण ते असो) मी न जेवता मांडवाबाहेर जाऊन बसलो. व्याही खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, "बसा वकीलसाहेब, निवांत बसा. राग गरम हाय तवर मोठाच दिसतोय. गार झाला की आटतोय." मग तासभर ते तो आटण्याची वाट पाहत राहिले. शेवटी मलाच भूक लागली.

निवृत्तीनंतर त्यांना नक्ष्या काढण्याचा नाद लागला. देवघराच्या, खिडकीच्या, फाटकाच्या जाळ्या. हल्ली जाळी यंत्रावर कापतात. नक्षीची फाईल दिली की यंत्र ती पत्र्यात नाही तर लाकडात हुबेहूब उतरवते. आमच्या कन्येने सासऱ्यांना कॉम्प्युटरवर रेघ ओढायला शिकवले, इंटरनेटवर दुकान थाटून दिले आणि पहिली नक्षी विकली गेली त्या दिवशी धंद्याचे मर्म समजावले. मी तेव्हा समोर चहा घेत होतो, म्हणजे हा ऐकीव पुरावा नव्हे.

"मामा, यात माल संपतच नाही. फाईल पाठवली तरी आपल्याकडं राहतीच. एकदा काढायची आणि हजार जणांना विकायची."

"म्हंजे त्या संकेश्वरच्या सुतारानं देवघरासाठी घेतली, ती आपल्याकडं बी ऱ्हायली?"

"होय की."

"मग त्याला आपण इकलं काय?"

कन्येने माझ्याकडे पाहिले. मी बशीत चहा ओतून घेतला.

"पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतोय, पोरी," ते म्हणाले. "एकाच्या पॅटर्नवर दुसऱ्याचा माल ओतला तर आमच्यात त्याला चोरी म्हणत्यात." हे नुसते बोलणे नव्हते. एका मालकाने पूर्वी त्यांना हेच करायला सांगितले, तेव्हा ते जेवणाचा डबा उचलून तीन दिवस कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून राहिले होते.

तेव्हापासून रिवाज ठरला. फाईल पाठवायची, मग फोन करायचा. गिऱ्हाईक मराठी असेल तर "उघडली काय?", कन्नड असेल तर "बंतेन्री?", म्हणजे आली का. होकार आला की आपल्याकडची नक्षी पुसायची, वर कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी करायची आणि दुकानातल्या त्या चित्राखाली पाटी लावायची: 'माल शिल्लक नाही'. कन्येने कपाळावर हात मारला. "मामा, जगात कुणाच्या दुकानात फाईल संपत नाही!" व्याही उत्तरले, "आपल्यात संपती." त्या उत्तरातला अभिमान मी हायकोर्टात जिंकून आलेल्या वकिलांच्या तोंडावरही पाहिलेला नाही. एका बिल्डरला चाळीस घरांसाठी एकच नक्षी हवी होती. त्याला सांगण्यात आले, "चाळीस घरं, चाळीस नक्ष्या. जरा दम धरा." बिल्डरने दम धरला नाही. पुढे व्याह्यांचा हात कापू लागला, नवे काढणे थांबले, आणि एके दिवशी दुकानातल्या शेवटच्या चित्राखालीही ती पाटी लागली.

हे सर्व मी पंक्तीत मुद्देसूद मांडले. बंधूंनी मठ्ठा पिऊन वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी व्याही म्हणून बाजू घेतासा. अवो, कॉम्प्युटर भरंल ह्या भ्यानं पुसायचा तो! एक तरी फाईल जपून ठेवली काय त्यानं? ठेवायला येतच न्हवतं!" पंक्ती पुन्हा हसली. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी पंक्तीत जे ठरते, तेच पुढे नातवंडांना सांगितले जाते. निघताना कन्याही हळूच म्हणाली, "असेल हो बाबा, चुकूनच पुसत असतील." ते मला फार लागले.

गेल्या महिन्यात तिने तो कॉम्प्युटर उघडला आणि मला फोन केला. तिने काय सांगितले ते कळायला आधी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. माझी पत्नी गेली त्या वर्षी व्याह्यांनी माझ्या घराच्या सोप्यासाठी, म्हणजे पुढच्या पडवीसाठी, तंबाखूच्या पानांच्या नक्षीची जाळी काढून दिली होती. मी किंमत विचारली, तर म्हणाले, "व्याह्यांस्नी मी इकत न्हाय." मी अपमान मानला आणि दोन महिने अबोला धरला. सकाळचे ऊन त्या जाळीतून रोज फरशीवर पाने पसरते. ती सुंदर आहे, हे मात्र त्यांना सांगायचे राहून गेले.

दुकानात विकलेली एकही नक्षी त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. एकच फाईल होती, माझ्या सोप्याची. ती त्यांनी विकलेली नव्हती.